पाच अंशांची जागा

"सर, एवढं लांब एक्स्टेंशन लावलं की जोर मरतो."

गाडीखाली उताणा पडलेला मिस्त्री हे म्हणाला आणि मी, आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, लगेच वाद घालायला खाली वाकलो. गाडी माझीच. गिअरचा लिव्हर ताकातल्या रवीसारखा कुठेही फिरायचा, तिसरा टाकायला जावं तर पाचवा पडायचा. जुन्या छोट्या गाड्यांत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक दांडा जातो (नव्यांत बहुधा दोन केबल असतात), त्याच्या सांध्यातलं बुश, म्हणजे आतली खोळ, झिजलं होतं. बुश चहा-वड्याच्या पैशांत मिळालं. पण ते बदलायला जो बोल्ट काढायचा, त्याच्या एका बाजूला सायलेन्सरचा पाइप, दुसऱ्या बाजूला पत्रा. कारखान्यात हा बोल्ट आवळला तेव्हा आजूबाजूचं निम्मं सामान बसायचं होतं. आपण येतो ते सगळं बसल्यावर.

आता "जोर मरतो" या वाक्याकडे येऊ. एक्स्टेंशन म्हणजे गोटी (बोल्टाच्या माथ्यावर बसणारी टोपी) आणि रॅचेट (एकाच दिशेला पकडणारी दातेरी मूठ) यांच्यामध्ये लावायची पोलादी कांडी. पुस्तकातलं उत्तर सोपं आहे: कांडी बोल्टाच्या आसातच असेल, तर या टोकाला जितकं आघूर्ण (फिरवण्याचा जोर, टॉर्क) द्याल तितकंच त्या टोकाला पोचतं. २० न्यूटन-मीटर दिले, २० मिळाले. लांबीनं ते वाढत नाही आणि घटतही नाही. वाढवायचं तर मूठ लांब हवी.

मी हे मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही या खाली."

खाली गेल्यावर कळलं की मूठ हलवायला जागा जेमतेम पाच अंशांची होती. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, त्याहूनही कमी. षटकोनी माथ्याला सरळ तोंडाचा पाना लावला तर पुन्हा बसवण्याआधी तो ६० अंश फिरावा लागतो. म्हणून तर फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं. पाना उलटा करून लावला की तेच काम ३० अंशांत भागतं. (हा तिरकेपणा मला शाळेत कुणी समजावला नाही. मी चाळीस वर्षं तो पाना वापरत होतो.) बारा खाचांच्या रिंग पान्यालाही ३० लागतात. ७२ दात्यांच्या रॅचेटला फक्त ५. म्हणजे आमच्याकडे एका टिकपुरती जागा होती.

आणि इथेच माझं पुस्तक अडलं. पोलादी कांडीलाही पीळ पडतो. १० मिमी जाडीची, ३० सेंमी लांबीची कांडी २० न्यूटन-मीटरला साधारण साडेचार अंश पिळते. गंजलेला बोल्ट ३० मागत असेल तर साडेसहा अंश. जागा पाचच अंशांची! म्हणजे बोल्टाला हवा तेवढा जोर तयार होण्याआधीच मूठ पाइपला टेकते. मागे घेतली की पीळ उलगडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दिवसभर टिकटिक केलं तरी बोल्ट जागचा हलणार नाही. मिस्त्रीच्या भाषेत जोर मरतो, आणि तो अजिबात चुकीचं बोलत नव्हता. यावर उतारा जाडीचा. पीळ जाडीच्या चौथ्या घातानं कमी होतो, त्यामुळे १३ मिमीची कांडी घेतली की साडेचाराचे दीड अंश होतात.

ती मिस्त्रीकडे होती, पण पाइपच्या आड सरळ जाईना. मग त्यानं मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारा सांधा, घातला आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. "नाहीतर मान टाकतो," म्हणाला. जॉइंट लुळा राहिला तर गोटी तिरकी होते आणि बोल्टाचे कोपरे गोल होतात.

या जॉइंटवर माझं जुनं प्रेम आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. दोन चिमटे आणि मध्ये एक क्रॉस, एवढाच ऐवज. ट्रकच्या प्रॉपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याला) हाच असतो. लोकांना वाटतं, इकडे जितकं फिरवलं तितकंच तिकडे फिरतं. पूर्ण फेरीचा हिशोब जुळतो, पण फेरीच्या आत नाही. भिंतीवरचं गोल घड्याळ काढा आणि ३ आणि ९ यांना धरून ४५ अंश कलतं करा. तबकडी लंबगोल दिसते. ३ ते ४ मधला कोन ३० अंशांऐवजी २२ दिसतो, ५ ते ६ मधला ३९. वाकलेल्या जॉइंटचं एक टोक दुसऱ्याला असंच दिसतं. सूत्रात लिहायचं तर दुसऱ्या टोकाच्या कोनाचा टॅन म्हणजे पहिल्या टोकाच्या कोनाचा टॅन गुणिले वाकाचा कोसाइन.

हेच सूत्र सूर्यघड्याळाचं आहे! तिथे कोसाइनच्या जागी अक्षांशाचा साइन येतो. लंडनच्या आडव्या सूर्यघड्याळावर दुपारी १ ची रेघ १२ च्या रेघेपासून सुमारे १२ अंशांवर पडते, तर संध्याकाळी ५ ते ६ मध्ये १९ अंश जातात. साडेअडतीस अंश (९० वजा लंडनचा अक्षांश) वाकवलेला जॉइंट एका बाजूनं तासाला १५ अंश फिरवला, की दुसरी बाजू बरोबर याच रेघा दाखवत जाते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं १६७६ साली छापलेल्या पुस्तिकेत या जॉइंटचं वर्णन केलं, ते सूर्यघड्याळाच्या संदर्भातच. सांधा त्याच्याही आधी माहीत होता, जर्मन आणि फ्रेंच लोक त्याला अजून कार्दान या इटालियन विद्वानाचं नाव लावतात. पण गंमत पुढे आहे. त्याच पुस्तिकेच्या शेवटी हुकनं अक्षरांची उलटापालट करून एक कोडं छापलं होतं. १६७८ मध्ये त्यानं ते उलगडलं: जितकं ताणलं जाईल, तितका जोर. आमच्या कांडीचा पीळ याच नियमानं पडतो.

आता बोल्टाकडे परत. जिथे जॉइंट अंश कमी देतो तिथे जोर जास्त देतो, कारण ऊर्जा फुकट मिळत नाही. ४५ अंशांच्या वाकावर २० न्यूटन-मीटर दिले, तर क्रॉस कसा उभा आहे त्यावर बोल्टाला १४ मिळतील किंवा २८. म्हणून टॉर्क रेंचबरोबर (जोर मोजून आवळायच्या पान्याबरोबर) हा जॉइंट लावून मोजमाप घ्यायचं नाही.

गॅरेजच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती. त्यातलं लिंबू गंजावर पिळलं असतं तर निदान सायट्रिक आम्लानं काही काम केलं असतं. दारावर लटकून त्याचा बोल्टाला उपयोग शून्य.

मी मिस्त्रीला म्हटलं, जॉइंट दोन्हीकडून काढ आणि पाव फेरी फिरवून परत बसव. त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं, पण बसवला. दुसऱ्या झटक्याला बोल्टानं कट्ट आवाज केला. मी टॅन-कोसाइन सांगायला तोंड उघडलं, तोवर तो बाहेर सरकून हात पुसत होता.

"सकाळी डिझेल सोडलं होतं ना," म्हणाला, "ते आत्ता मुरलं."