‘३जी’ आणि ‘एच’: टॉवर तोच, वाटणी वेगळी

फोन टेबलावर नुसता पडलेला असला की वर कोपऱ्यात ‘३जी’ दिसायचं. एखादं पान उघडलं की त्याच जागी ‘एच’ उमटायचा. पान आलं, आपण वाचायला लागलो, की थोड्या वेळानं पुन्हा ‘३जी’. फोन दोन वेगळ्या नेटवर्कांमध्ये ये-जा करतोय, असाच बहुतेकांचा समज होता, आणि ‘एच’ म्हणजे ३जीच्या पुढची पिढी असंही कित्येक दुकानदार छातीठोकपणे सांगायचे. खरं तर टॉवर तोच होता आणि लहरींची ५ मेगाहर्ट्‌झची पट्टीही तीच. बदलायची ती वाटणीची रीत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाटणी करणारा.

मूळ ३जी, म्हणजे डब्ल्यूसीडीएमए, जपानमध्ये एनटीटी डोकोमोनं ऑक्टोबर २००१मध्ये सुरू केलं. डाऊनलोडचा कमाल वेग ३८४ केबीपीएस. यात प्रत्येक फोनला स्वतःचा कोड, म्हणजे एकाच पट्टीत त्याचा डेटा इतरांच्या डेटापासून वेगळा ओळखायची खूण, मिळतो आणि काम चालू असेपर्यंत तो त्याच्याच नावावर राहतो. फोनवर बोलण्यासाठी ही सोय उत्तम, कारण बोलण्याला सतत आणि सारखाच वेग लागतो. इंटरनेटचं तसं नाही. पान उघडताना दोन-तीन सेकंद भडाभडा डेटा लागतो, मग माणूस मिनिटभर वाचत बसतो. ३८४ केबीपीएस द्यायला टॉवरच्या कोडांचा आठवा हिस्सा खर्ची पडतो, आणि थोडे कोड टॉवरला स्वतःच्या कामासाठी ठेवावे लागतात. म्हणजे पूर्ण वेगाचे जेमतेम सात जण झाले की कोठार रिकामं. त्यातला एखादा नुसता बातमी वाचत असला, तरी काही सेकंद त्याचा कोड अडूनच राहतो.

‘एच’ म्हणजे एचएसडीपीए, ३जीवरच डेटा वेगानं उतरवण्याची सुधारित पद्धत. त्याचे नियम ३जीच्या नियमावलीच्या २००२मधल्या ‘रिलीज ५’ या आवृत्तीत ठरले. इथं डेटासाठी कोणाच्या नावावर काही राखून ठेवत नाहीत. १६पैकी १५पर्यंत कोड एकत्र करून एक सामाईक मोठा पाट करतात आणि तो दर २ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा, ज्याला गरज आहे त्याच्याकडे वळवतात. उसाला दारं धरलेल्या माणसाला हे चटकन कळेल. प्रत्येक सरीला दिवसभर करंगळीएवढी धार देण्यापेक्षा सगळं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की दार मोडून पुढच्या सरीत.

पण दारं धरायची तर माणूस बांधावरच उभा हवा, तालुक्याच्या कचेरीत बसून ते जमत नाही. जुन्या ३जीत नेमकी हीच अडचण होती. कुणाला किती द्यायचं हे आरएनसी ठरवायची. ही यंत्रणा दूर कुठंतरी एक्स्चेंजमध्ये बसून शेकडो टॉवर सांभाळते. तिच्यापर्यंत निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत हवेतली परिस्थिती बदललेली असायची. एचएसडीपीएनं हा निर्णय टॉवरवर आणला. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. वाढीव वेगाचं श्रेय लोक नव्या मॉड्युलेशनला, म्हणजे लहरींवर डेटा बसवण्याच्या रीतीला, देतात, पण ते क्षणोक्षणी नेमकं वापरता आलं ते निर्णय जवळ आल्यामुळं.

कारण फोन आता टॉवरला सतत कळवत असतो, ‘मला इतकं स्वच्छ ऐकू येतंय’, ० ते ३० यांतला एक आकडा सांगून. खिडकीशी बसलात तर आकडा चढतो आणि टॉवर १६-क्वाम हे दाट मॉड्युलेशन वापरून भराभर डेटा पाठवतो. जिन्याखाली गेलात की साधं मॉड्युलेशन, कमी वेग. जुनी रीत याच्या अगदी उलट होती. तिथं वेग कायम ठेवायचा आणि त्यासाठी टॉवरची ताकद सेकंदाला १५०० वेळा कमी-जास्त करायची. एखादा तुकडा खराब आला, तर पूर्वी त्याची तक्रार थेट आरएनसीपर्यंत जायची. ‘एच’मध्ये टॉवर तोच तुकडा लगेच पुन्हा पाठवतो. फोननं पहिली खराब प्रतही टाकून दिलेली नसते. दोन अर्धवट प्रती एकमेकींवर ठेवून तो पूर्ण मजकूर जुळवतो. मला ही युक्ती फार आवडते.

डोंगलवर छापलेले ३.६, ७.२ आणि १४.४ एमबीपीएस हे आकडेही यातूनच आले. डोंगल एका वेळी ५, १० की १५ कोड वाचू शकतो, त्यावर ते ठरायचे. ती उपकरणाची कमाल क्षमता असायची, आणि पाट सगळ्यांचा असल्यामुळं संध्याकाळी गर्दीत वाट्याला बरंच कमी यायचं. शिवाय हा सगळा बदल फक्त डाऊनलोडचा. अपलोडची सुधारणा, एचएसयूपीए, ‘रिलीज ६’मध्ये आली.

एका बाबतीत जुनी रीत सरस होती. धावत्या गाडीत फोन एकाच वेळी दोन-तीन टॉवरांशी जोडलेला राहायचा. एकाचा हात सुटण्याआधी दुसऱ्याचा धरलेला, त्यामुळं कॉल तुटायचा नाही. एचएसडीपीएचा डेटा एका वेळी एकाच टॉवरकडून येतो. म्हणूनच ‘एच’ आल्यावरही कॉल साधारणपणे जुन्याच राखीव पद्धतीनं चालत राहिले.

भारतात एमटीएनएलनं दिल्लीत डिसेंबर २००८मध्ये ३जी सुरू केलं, तोवर जगात एचएसडीपीए रुळलेलं होतं. आपल्याला दोन्ही अक्षरं जवळपास एकदमच भेटली, घोटाळा झाला तो त्यामुळंच. आता इथल्या बहुतेक ३जी पट्ट्या ४जीकडे गेल्या आहेत. ४जीत आरएनसी ही यंत्रणाच उरलेली नाही. वाटणी टॉवरच करतो, दर १ मिलिसेकंदाला.