‘टेक’: बाहेरून येऊन घरचे झालेले क्रियापद

‘मॅडम, पेपर तर मी देऊन राहिली ना? मग टेक कसं काय?’

नागपुरात सीताबर्डीवर संध्याकाळच्या वर्गात मी इंग्रजी शिकवते, तिथे मागच्या आठवड्यात एका मुलीने हा प्रश्न विचारला. तिने ‘आय अ‍ॅम गिव्हिंग माय एक्झाम’ असे लिहिले होते आणि मी ‘गिव्हिंग’ खोडून ‘टेकिंग’ केले होते. प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर ती घेतात. तिच्या वहीत ‘टेक’चे दोन पानभर अर्थ कुठूनसे उतरवलेले होते: घेणे, नेणे, पकडणे, लागणे, काढणे. एकाच शब्दाला इतकी कामे का, हे त्या दोन पानांत कुठेच नव्हते. पाठ करायला लावण्याआधी मुलांना ही हकीकत सांगावी, असे मला मनापासून वाटते.

‘टेक’ मुळात इंग्रजी नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ला ‘निमन’ म्हणत. जर्मनमधले ‘नेहमेन’ हे त्याचेच भावंड. ७९३ साली वायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंनी, इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड घातली, ८६५ मध्ये त्यांचे मोठे सैन्य उतरले आणि पुढे त्यातले बरेच जण इंग्लंडच्या उत्तरेला नि पूर्वेला जमिनी कसून तिथेच राहिले. बाजारात, बांधावर, सोयरिकीत दोन भाषा रोज एकमेकींच्या कानावर पडत होत्या. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘ताका’ होते. अकराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजी लिखाणात दिसू लागते आणि पुढच्या काही शतकांत ‘निमन’ची जागा पुरती बळकावते. ‘निमन’चे अवशेष मात्र राहिले आहेत. बधिर या अर्थाचा ‘नम’ म्हणजे मुळात संवेदना काढून घेतलेला, आणि चपळ या अर्थाचा ‘निंबल’ म्हणजे चटकन उचलून घेणारा.

वस्तूंची नावे भाषा सहज उसनी घेते. ‘घेणे’सारखे रोजचे क्रियापद बाहेरून यायला मात्र शेजार फार जवळचा लागतो. नागपूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते, आणि ‘देऊन राहिली’, ‘करून राहिलो’ या आपल्या बोलीतल्या रूपांशेजारी हिंदीतले ‘दे रही’, ‘कर रहा’ ठेवले की शेजार म्हणजे काय ते कळते. ही रूपे अशुद्ध म्हणून मुलांना गप्प करू नये, असे माझे मत आहे. वर्गात मला त्यांचा उपयोगच होतो. इंग्रजीतला चालू काळ ‘राहिली’वरून जितका पटकन कळतो, तितका व्याकरणाच्या तक्त्यावरून कळत नाही.

‘ताका’ला घेण्याबरोबर शिवण्याचा, हात लावण्याचाही अर्थ होता. इंग्रजी-जर्मनच्याच कुळातल्या जुन्या गॉथिक भाषेतले ‘तेकन’ तर शिवणे याच अर्थाचे. हे वाचले तेव्हा मला आपले ‘लागणे’ आठवले. ‘इट टेक्स टाइम’ला आपण ‘वेळ लागतो’ म्हणतो, आणि ‘लागणे’ ज्या ‘लग्’ धातूतून आले त्याचा अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. दोघांचे नाते काही नाही, पण मुलांना ही जोडी सांगितली की ते वाक्य पुन्हा चुकत नाही.

आपले ‘घेणे’ घरचेच. संस्कृत ‘ग्रह्’, महाराष्ट्री प्राकृतात ‘घेत्तूण’ आणि आज आपल्या तोंडी ‘घेऊन’. त्याला कुणी हुसकावले नाही, पण त्याच्या शेजारी नेणे, काढणे, लागणे, पकडणे अशी बाकीची क्रियापदेही आपापली कामे धरून राहिली. फोटो काढतो, बस पकडतो, पोराला शाळेत नेतो, पाहुण्याला नुसते ‘बसा’ म्हणतो. इंग्रजीत या सगळ्याला एक ‘टेक’ पुरते. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज कोशकाराने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ‘टेक’चे १३४ अर्थ नोंदवले होते.

यादी इतकी फुगली त्याला आणखी एक कारण आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला उपसर्ग जोडायची रीत होती. पुढे त्यातले बरेच उपसर्ग झडले आणि अप, ऑफ, ऑन, ओव्हर असे सुटे शब्द क्रियापदानंतर येऊ लागले. मुले इथेच घाबरतात, पण तेच काम आपण क्रियापदाच्या आधी एक शब्द ठेवून करतो. हाती घेणे म्हणजे ‘टेक अप’, अंगावर घेणे म्हणजे ‘टेक ऑन’, ताब्यात घेणे म्हणजे ‘टेक ओव्हर’. ‘टेक ऑफ’ अंगावरचे कपडे काढण्याला आधीपासून होते, विमाने आल्यावर ते त्यांच्या उड्डाणालाही लागले. तो अर्थ शिकवताना मी १९४९ सालची रात्रीची टपाल विमाने सांगते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पुन्हा आपापल्या शहराकडे ‘टेक ऑफ’ करत.

आता त्या मुलीची परीक्षा. मराठीने पाहिले ते उत्तरांकडे: विद्यार्थी उत्तरे लिहून देतो, म्हणून परीक्षाही देतो. इंग्रजीत औषध ‘टेक’ करतात, शिकवणी ‘टेक’ करतात, तशीच समोर आलेली परीक्षा विद्यार्थी स्वतःवर घेतो. ‘गिव्ह’ उरते ते पेपर काढणाऱ्याकडे. ‘गिव्हिंग एक्झाम’ आपल्या देशात सर्रास चालते आणि इथे ते सगळ्यांना कळतेही, त्यामुळे बोलताना मी कुणाला अडवत नाही. पण ही मुलगी परदेशातल्या विद्यापीठासाठी अर्ज लिहीत होती, आणि तिथे ‘आय गेव्ह द एक्झाम’ वाचणाऱ्याला ती परीक्षक वाटली असती.