एमडी (मेफेड्रोन) : डोक्यावर लगेच होणारे परिणाम

एमडी म्हणजे मेफेड्रोन, मुंबईत याला म्याव म्याव पण म्हणतात. फॅक्टरीत किंवा लॅबमध्ये बनणारी पावडर आहे, खत नावाच्या झाडाच्या पानात जे कॅथिनोन नावाचं उत्तेजक रसायन असतं त्याचीच ही नातलग. १९२९ मध्ये पहिल्यांदा बनली, मग कित्येक वर्षं विसरलेलीच होती, २००० नंतर युरोपात पार्ट्यांमध्ये आली, ब्रिटनने २०१० मध्ये बंदी घातली आणि आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात यायला २०१५ उजाडलं.

नाकाने ओढली की काही मिनिटांतच मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही मूड ठरवणारी रसायनं एकदम वाढतात. माणूस खुलतो, भराभर बोलायला लागतो, सगळे आपलेच वाटतात, भूक नाही झोप नाही. पण हे सगळं दोन-तीन तासांत उतरतं, आणि खरा घात इथेच आहे, कारण उतरायला लागलं की परत घ्यावीशी वाटते, मग परत, आणि "एकदाच" म्हणून बसलेला मुलगा सकाळपर्यंत घेतच राहतो.

अशा जागरणानंतर डोकं फिरायला लागतं. कुणीतरी पाठलाग करतंय, मित्रच पोलिसांना टिप देतायत, भिंतीआडून आवाज येतायत, असं त्याला अगदी खरं वाटतं. त्याच्याशी वाद घालून काही उपयोग नाही. काहींचं हे झोप झाल्यावर एक-दोन दिवसांत निवळतं, काहींचं लांबतं. पुढचे काही दिवस चिडचिड, धडधड, काहीच नको वाटणं, आणि कधी जीव द्यायचे विचार, म्हणून या दिवसांत त्याला एकटं सोडू नये.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त, सेरोटोनिन फार वाढून ताप, थरथर, गोंधळलेपणा येतो आणि जीवही जाऊ शकतो. दारूबरोबर तर घेतलेल्याचा अंदाजच राहत नाही. शिवाय पुडीत नक्की काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

अंग खूप तापलं, छातीत दुखलं, फिट आली किंवा माणूस भानावर नसला तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते स्पष्ट सांगा, लाजेने लपवलं तर उपचारच चुकतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. केस होईल म्हणून लोक घाबरतात, पण थोडा माल स्वतःसाठी बाळगलेला व्यसनी आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्याच कलम ६४अ मध्ये आहे, फक्त उपचार पूर्ण करावे लागतात.