पाणी तापलं की हवा सुटते

निपाणीच्या बाजारात चैत्राचं ऊन चढलं की गोटी सोड्याच्या गाड्यावर ओलं गोणपाट पडतं. बाटली उन्हात राहिली तर तडकायची भीती, आणि गार नसलेली बाटली फोडली की निम्मा सोडा फेस होऊन बाहेर. दोन्हीचं कारण एकच आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू पाण्यात राहत नाही. बाटली बंद असेल तर तो आतून काचेवर दाब टाकतो, उघडी असेल तर उडून जातो. आकड्यात सांगायचं तर नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर बर्फगार पाण्यात सुमारे 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो. 20 अंश सेल्सिअसला त्याच पाण्यात 0.9 लिटरही धड मावत नाही.

या ज्ञानाचा उगमही सोड्यातच आहे. 1767 मध्ये जोसेफ प्रिस्टली इंग्लंडमधल्या लीड्स गावी राहायला गेला. शेजारी बिअर बनवण्याचा कारखाना होता. आंबवणाच्या पिंपांवर साचलेल्या वायूत त्याने पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून पाहिलं, आणि पाण्याला आंबूस, चुरचुरीत चव आली. 1772 मध्ये त्याने ही कृती छापली. हे पाणी दर्यावर्दींना होणारा स्कर्व्ही हा रोग बरा करील अशी त्याला आशा होती. ती फोल ठरली, पण सोडावॉटरचा धंदा उभा राहिला. गोटीची बाटली त्यानंतर शंभर वर्षांनी, 1872 मध्ये, हायरम कॉड या इंग्रजाने पेटंट केली. वायूच्याच दाबाने गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते, वेगळं बूच लागत नाही.

मधला महत्त्वाचा माणूस मँचेस्टरचा विल्यम हेन्री. त्याच्या वडिलांचा औषधांचा आणि कृत्रिम खनिज पाण्याचा व्यवसाय होता, म्हणजे पाण्यात वायू कोंबणं हे घरचंच काम. 1803 मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. शाळेत आपण हेन्रीचा नियम शिकतो तो दाबाचा: दाब दुप्पट, तर विरघळणारा वायू दुप्पट. तापमानाच्या वाट्याला पुस्तकात एखादी ओळ येते. मला ही वाटणी खटकते. त्या निबंधाच्या मथळ्यातच 'वेगवेगळी तापमानं' हे शब्द आधी आहेत आणि 'वेगवेगळे दाब' नंतर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पहिलाच भाग जास्त कामाचा.

असं का होतं? वायूचा रेणू पाण्यात शिरताना थोडी उष्णता बाहेर टाकतो. बाहेरून उष्णता दिली की हा व्यवहार उलटा फिरतो. रेणूंची धडपड वाढते आणि ते पाण्याची पकड सोडून निघतात. चुलीवरच्या पातेल्यात उकळी फुटण्याच्या बरंच आधी कडेला मोहरीएवढे बुडबुडे धरतात, ती वाफ नव्हे, पाण्यातली हवा. उकळून गार केलेलं पाणी सपक लागतं ते बरंचसं याचमुळे. हा नियम सरसकट मात्र नाही. पाण्यातल्या हेलियमची विद्राव्यता सुमारे 30 अंशांपर्यंत घटते आणि पुढे वाढू लागते. काही सेंद्रिय द्रावकांत हायड्रोजन तापमानाबरोबर जास्तच विरघळतो.

सोडा सपक झाला तर तोंडाची चव जाते, एवढंच. नदीतला ऑक्सिजन उडाला तर जीव जातात. गोड्या पाण्यात 0 अंशाला लिटरमागे 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना 9.1, तर 30 अंशांना जेमतेम 7.6. हे आकडे समुद्रसपाटीचे. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, म्हणजे हवेचा दाब कमी, आणि हेन्रीच्याच हिशेबाने आणखी आठ-नऊ टक्के वजा. 30 अंशांचं पाणी इथे सातापर्यंतही पोचत नाही. माशांसाठी किमान 4 धरतात, तेव्हा हाताशी उरतं ते फार थोडं. त्यात ऊन वाढलं की माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि घाण कुजवणारे जिवाणूही तो झपाट्याने खातात. वेदगंगा-दूधगंगेच्या काठी मे महिन्यात धार तुटून नुसते डोह उरतात. त्यांत गावाचं सांडपाणी किंवा मळी उतरली की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. लोक म्हणतात, कुणीतरी विष घातलं. पुष्कळदा विष नसतंच, मासे गुदमरलेले असतात.

हा ऑक्सिजन मोजायची सोय 1888 मध्ये बुडापेस्टच्या लायोस विंकलरने करून दिली. बाटलीभर पाण्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. मग आम्ल घालून सुटलेलं आयोडीन मोजायचं: स्टार्चने ते निळं दिसतं, आणि थायोसल्फेटचे थेंब टाकत ते संपवायचं. आमच्याकडच्या कॉलेजांतली मुलं आजही हेच करतात, आणि स्टार्चचा निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा झाला की प्रत्येकाचा हात थबकतो.

सांडपाण्याची ऑक्सिजनची भूक मोजायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या शाही आयोगाने घालून दिली: पाच दिवस, 65 अंश फॅरनहाइट. तिथल्या नद्यांना ते तापमान साजेसं होतं. भारतीय मानकाने ते बदलून 27 अंश सेल्सिअस आणि तीन दिवस केलं, आणि ते अगदी योग्य झालं. नमुना घेण्याच्या वेळेबाबत मात्र अजून तेवढी काळजी दिसत नाही. दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे आजारी डोहही धडधाकट भासतो. डोहाची खरी अवस्था कळते ती दिवस उगवायच्या आधी. तेव्हा बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा आत न राहू देता भरावी आणि रसायनं तिथेच काठावर घालावीत. मोटारसायकलच्या डिकीत तापत बेळगावपर्यंत गेलेली बाटली नदीचं पाणी म्हणून तपासण्यात अर्थ नाही.