पंख, पंखा आणि चॅपरल

१९६६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रिजहॅम्प्टनच्या ट्रॅकवर एक पांढरी गाडी आली. नाव चॅपरल टू-ई. मागच्या चाकांपासून वर गेलेल्या दोन उंच दांड्या, आणि त्यांच्यावर, चालकाच्या डोक्याच्याही वर, एक आडवी रुंद फळी. आज एखादा हौशी पोरगा जुन्या गाडीच्या डिकीवर तसली फळी ठोकून मिरवतो, म्हणून आपल्याला तिचं नवल वाटत नाही. तेव्हा मात्र लोक बघतच राहिले. दहा वर्षांपूर्वी मायकेल मे नावाच्या एका स्विस तरुणाने आपल्या पोर्शवर असा पंख बसवून जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला नेला होता. तिथल्या मंडळींनी त्याला तो काढायला लावला आणि विषय तिथेच संपला.

अमेरिकेत तो काढायला लावणारं कुणी नव्हतं. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॅन-ॲम मालिकेची, म्हणजे कॅनडा आणि अमेरिका मिळून भरवलेल्या शर्यतींची, नियमावली अगदीच सडपातळ होती. दोन माणसांची जागा हवी, चाकं झाकलेली हवीत. इंजिन केवढं? बसेल तेवढं. त्या काळाच्या आठवणी निघाल्या की बहुतेकांना नारिंगी मॅक्लारेन आठवतात, नाहीतर १९७३ ची हजार अश्वशक्तीच्याही पुढे गेलेली टर्बो पोर्श. मी मात्र या पांढऱ्या गाडीचा भक्त. बाकीचे ताकद वाढवत होते तेव्हा हिचा मालक हवेशी काय करता येईल ते बघत होता.

हा मालक म्हणजे जिम हॉल. टेक्सासचा, घरचा तेलाचा धंदा, शिक्षण कॅलटेकमध्ये यंत्र अभियांत्रिकीचं. भागीदार हॅप शार्प. मिडलँड गावाबाहेरच्या रखरखीत माळावर त्यांनी कारखाना टाकला आणि शेजारीच स्वतःचा ट्रॅक बांधला. त्याचं नाव रॅटलस्नेक रेसवे, म्हणजे तिथे कोण राहत असे ते सांगायला नको. जनरल मोटर्सने शर्यतींत अधिकृत भाग घ्यायचा नाही असं ठरवलेलं असलं, तरी शेव्हरलेचे संशोधक इकडे गुपचूप मदत करत. चॅपरल हे रोडरनर पक्ष्याचं तिकडचं नाव. हा पक्षी उडण्यापेक्षा जमिनीवरून पळणं पसंत करतो. हॉलची मूळ अडचण नेमकी हीच होती, की त्याची गाडी उडू पाहत होती.

वादळात घराचे पत्रे का उडतात? वारा खालून शिरून ढकलतो, हे अर्धंच उत्तर. वरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे पत्रा वरच्या बाजूलाही ओढला जातो. गोलाईदार मोटारीचं तेच होतं. नाकाखाली हवा कोंडते, पाठीवरून ती सुसाट जाते. हॉलच्या पहिल्या चॅपरल टू गाडीचं नाक भर वेगात उचललं जाई आणि पुढच्या चाकांवरचा भार जवळजवळ नाहीसा होई. तिच्या नाकाखाली नांगराच्या फाळासारखी पट्टी लावल्यावर ते थांबलं. पण हॉलच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला: हवा गाडी उचलू शकते, तर दाबू का नाही शकणार?

दाबून काय मिळतं? वळणावर गाडीला धरून ठेवतं ते फक्त टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, आणि घर्षण वाढतं टायरवरच्या भारासोबत. मग डिकीत वाळूची पोती टाकली तर? उपयोग शून्य. पोत्यांनी भार वाढेल तसं वस्तुमानही वाढेल, आणि ते वस्तुमान वळवायला तेवढंच जास्त बळ लागेल. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. हवेचा भार तसा नसतो. तो टायरला रस्त्यावर दाबतो, पण वळवायला मात्र काही मागत नाही. शंभर मीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या आणि टायरची पकड त्यावरच्या भाराएवढीच धरा. साधी गाडी ते ताशी सुमारे ११३ किलोमीटरने घेईल. हवेने गाडीच्या वजनाएवढाच आणखी भार दिला, तर तेच वळण १५९ ने घेता येईल. इंजिन तेच, टायर तेच.

टू-ईचा पंख म्हणजे विमानाचा पंख उलटा करून बसवलेला. माझ्या मते खरी हुशारी मात्र पंखापेक्षा त्या दांड्यांत होती. त्या बॉडीवर टेकलेल्या नव्हत्या, तर मागच्या चाकांचे बेअरिंग ज्यात असतात त्या भागांवर थेट उभ्या होत्या. बॉडीवर टेकवल्या असत्या तर सगळा भार आधी स्प्रिंगांवर आला असता, गाडी मागे बसली असती, आणि ते टाळायला स्प्रिंग दगडासारख्या कडक कराव्या लागल्या असत्या. इथे स्प्रिंगांना पत्ताच लागत नव्हता. भार सरळ चाकात, चाकातून रस्त्यात.

पंखाला एक किंमत असते, तो हवा अडवतो. सरळ रस्त्यावर ते परवडत नाही. त्यावरचा तोडगा चालकाच्या डाव्या पायाखाली होता. चॅपरलला क्लचचा पेडल नव्हता, कारण गिअरबॉक्सला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून पुढे नेणारा जोड, लावलेला होता. रिकाम्या डाव्या पायाला हॉलने पंखाचं काम दिलं. सरळ रस्त्यावर पेडल दाबला की पंख आडवा होई आणि हवा कापत जाई. वळण आलं की पाय उचलायचा, पंख पुन्हा तिरपा, गाडी पुन्हा दाबलेली. सगळ्यात जास्त पकड ही न दाबलेल्या पेडलची अवस्था होती, म्हणजे घाबरून पाय सुटला तर गाडी उलट जास्तच चिकटणार. असं काही बघितलं की यंत्र बनवणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटतो.

टू-ईने कॅन-ॲमची शर्यत जिंकली ती एकच, १९६६ ची लगुना सेकाची. चॅपरलचाच दुसरा चालक फिल हिल पहिला, हॉल स्वतः दुसरा. एवढ्या बुद्धीला एवढंच यश हे मला अजून सलतं. पण दोन वर्षांत फॉर्म्युला वनच्या गाड्यांवरही पंखांचं पीक आलं. घाई अशी की १९६९ मध्ये बार्सिलोनाला लोटस संघाच्या दोन गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाले आणि उंच पंखांवर बंदी आली. हलते पंखही गेले. खुद्द हॉल १९६८ मध्ये लास व्हेगासला भीषण अपघातात जायबंदी झाला आणि त्याची चालक म्हणूनची कारकीर्द जवळपास तिथेच थांबली.

पंखाची आणखी एक खोड आहे. त्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की दाब चौथा हिस्सा. म्हणजे संथ, अवघड वळणावर, जिथे पकड हवी तिथेच पंख हात वर करतो. १९७० मध्ये हॉलने पंखाला काना दिला आणि पंखा केला.

टू-जे ही त्याची गाडी दिसायला ओबडधोबड खोक्यासारखी होती. मागे दोन मोठे पंखे, आणि ते फिरवायला वेगळं टू-स्ट्रोक इंजिन, बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचं. तळाभोवती कठीण प्लॅस्टिकची झालर, जमिनीपासून जेमतेम इंचभर वर. गाडी डोलली तरी हे अंतर टिकावं म्हणून झालर सस्पेन्शनला, म्हणजे चाकं पेलणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांच्या जोडणीला, जोडलेली. पंखे तळाखालची हवा खेचून मागे फेकत. सतरंजीवर व्हॅक्यूम क्लीनरची नळी टेकली की कशी चिकटते, तसं.

पाहा हिशेब. एक चौरस मीटरवर वातावरण सुमारे दहा टनांचा दाब देतं. आपल्याला तो जाणवत नाही, कारण तो सगळीकडून सारखा असतो. गाडीचा तळ चार चौरस मीटर धरला, तर वरून चाळीस टन आणि खालूनही चाळीस टन. खालचा दाब शेकडा नुसता अडीचने कमी करा, एक टनाचा निव्वळ भार मिळाला. गाडीचं स्वतःचं वजन होतं आठशे किलोच्या थोडं वर. आणि हा भार वेगावर अवलंबून नव्हता! गाडी नुसती उभी असली तरी पंखे सुरू होताच ती खाली बसे.

जुलैत वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्टुअर्टने ती चालवली आणि त्या शर्यतीतली सर्वात जलद फेरी मारली, पण ती शेवटपर्यंत पोचली नाही. पुढे रोड अटलांटा, लगुना सेका आणि रिव्हरसाइड या तिन्ही ठिकाणी व्हिक एल्फर्डने पात्रता फेरीत पहिला नंबर काढला. रिव्हरसाइडला तर दुसऱ्यापेक्षा दोन सेकंदांहून जास्त फरकाने, जिथे भांडणं दहाव्या हिश्शावरून होतात. शर्यत मात्र ती एकही जिंकली नाही. कधी काही बिघडे, कधी काही. मागचे चालक कुरकुरत की ही गाडी आमच्या तोंडावर धूळ आणि खडे उडवते. तक्रार खोटी असेल असं नाही, पण एवढ्या फरकाने हरणाऱ्याला धूळ जरा जास्तच टोचते. हंगाम संपल्यावर ‘हलतं वायुगतिकीय साधन’ असा ठपका ठेवून पंख्यावर बंदी घातली गेली.

१९७८ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या ब्रॅबम संघाचा रचनाकार गॉर्डन मरे याने आपल्या गाडीच्या मागे पंखा लावला. तो इंजिन थंड करायला आहे, असं त्यांचं म्हणणं. निकी लाउडाने स्वीडनची शर्यत जिंकली, आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. २०२२ मध्ये मॅकमर्ट्री नावाच्या छोट्या विजेच्या गाडीने तळाखालची हवा खेचतच इंग्लंडमधल्या गुडवुडच्या चढाचा विक्रम मोडला. हीच गाडी नंतर एका चौकटीवर उलटी, छताला पाल असते तशी, चालवून दाखवली गेली.

टू-जे आता मिडलँडमध्येच, तेलाच्या संग्रहालयातल्या चॅपरल दालनात आहे. इतर गाड्या समोरून बघाव्यात. हिला मात्र वळसा घालून मागे जायचं आणि त्या दोन पंख्यांसमोर उभं राहायचं.