दाणे टिपणाऱ्या साऱ्याच चिमण्या नसतात

अंगणात पाखरांसाठी मूठभर जोंधळे टाकणे मराठवाड्याला नवे नाही. परभणीतील आमच्या घरी कडुनिंबाच्या फांदीला जोंधळ्याची चार कणसे उलटी टांगलेली असतात आणि खाली एका मातीच्या परळात बाजरी व तांदळाची कणी, तर दुसऱ्यात पाणी असते. पहिल्या हिवाळ्यात मी तेथे येणाऱ्या पाखरांची नोंदवही ठेवली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पानावर ‘चिमण्या’ एवढाच शब्द होता. पुढे लक्षपूर्वक पाहू लागल्यावर ध्यानात आले की त्या एका शब्दाखाली मी निदान चार वेगवेगळे पक्षी कोंबले होते.

म्हणून पक्षी ओळखण्याची सुरुवात दुर्मीळ पाखरापासून न करता घरचिमणीपासूनच करावी, असे माझे मत आहे. ती पक्की ओळखता आली की बाकीच्यांसाठी ती मापाचे काम करते. तिची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते. नराचा माथा राखाडी आणि गळा काळा असतो, तर मादी फिकट तपकिरी असून तिच्या डोळ्यामागे पिवळसर पट्टी असते. नराचा हा काळा गळा वर्षभर सारखा दिसत नाही. विणीनंतर येणाऱ्या नव्या पिसांची टोके फिकट असल्याने काळा रंग झाकल्यासारखा राहतो. पुढे ती टोके झिजत जातात आणि विणीचा हंगाम येईपर्यंत गळा ठळक काळा होतो. म्हणजे नवे पीस न येता, केवळ झिजेमुळे पाखराचे रूप पालटते. याच काळात नराची तपकिरी चोचही काळी पडते.

दुसरी पाहुणी पीतकंठी चिमणी, जिला रानचिमणी असेही म्हणतात. तिच्या पाठीवर घरचिमणीसारख्या रेघा नसतात, चोच काहीशी बारीक असते, पंखावर दोन पांढुरक्या पट्ट्या असतात आणि नराच्या खांद्यावर तांबूस रंग असतो. ज्या पिवळ्या ठिपक्यावरून तिला नाव मिळाले, तो गळ्याखाली इतका लहान असतो की पाखराने मान वर केल्याशिवाय सहसा दिसत नाही. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी लहानपणी मारलेली एक ‘चिमणी’ त्यांना ओळखता आली नाही, म्हणून ती घेऊन ते १९०८ च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते. ती हीच चिमणी. तेथे पेट्यांमध्ये जतन केलेले असंख्य पक्षी त्यांना पाहायला मिळाले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

सुगरण तर हिवाळ्यात भल्याभल्यांना चकवते. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला खोपे विणणारा पिवळ्याधमक माथ्याचा नर सर्वांच्या ओळखीचा असतो. पण विणीचा काळ सरला की तोही मादीसारखा मातकट होतो. अशा वेळी रंगाकडे न पाहता चोचीकडे पाहावे. सुगरणीची चोच जाड व शंकूसारखी असते, शेपटी आखूड आणि पाठीवरच्या रेघा ठसठशीत असतात. चौथी पांढऱ्या कंठाची मुनिया, जी घरचिमणीहून बरीच लहान असते. तिची शेपटी काळी व टोकदार, चोच निळसर राखाडी असते आणि थंडीच्या सकाळी पाच-सहाजणी एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात.

होले ओळखणे त्या मानाने सोपे आहे. मानेमागे काळी अर्धगोल रेघ असेल तर तो कंठी होला, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असलेला लहानखुरा असेल तर छोटा तपकिरी होला. मात्र त्यांना पाणी पिताना अवश्य पाहावे. चिमणी किंवा साळुंकी चोचीत घोट घेते आणि मान वर करून तो गळ्यात उतरू देते. होला मात्र चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता सलग ओढून पितो.

होल्यांचे वेगळेपण पिलांच्या संगोपनातही आहे. नर आणि मादी, दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून दुधासारखा दाट, पौष्टिक पदार्थ तयार होतो आणि सुरुवातीचे काही दिवस पिले त्यावरच वाढतात. त्यामुळे दाण्यांवर जगणाऱ्या होल्याला पिलांसाठी किडे शोधावे लागत नाहीत. चिमणीची गोष्ट निराळी आहे. ती स्वतः दाणे खात असली तरी कोवळ्या पिलांना मुख्यतः अळ्या आणि मऊ किडेच भरवते. फवारणी करून परसबाग निष्कीटक केली, तर शेजारी टांगलेली कणसे तिच्या पिलांच्या उपयोगी पडत नाहीत. हे कळल्यापासून आम्ही शेवग्यावर आणि कुंपणाच्या झुडपांवर औषध मारणे थांबवले आहे. परळातील उरलेले दाणे मात्र दर आठवड्याला काढून, परळ घासून उन्हात वाळवतो, कारण ओलसर दाण्यांना लवकर बुरशी धरते.

गेल्या चैत्रात ओसरीच्या वळचणीला घरचिमण्यांचे घरटे होते. मादी शेवग्यावरून चोचीत हिरवी अळी धरून येई, भरलेल्या कणसांच्या अगदी हातभर अंतरावरून जाई आणि तेथे क्षणभरही न थांबता थेट वळचणीत शिरे.