फ्रान्समधील पदविक्री

फ्रान्समधील पदविक्री : न्याय, महसूल व नगरप्रशासन यांतील पदे रोख रकमेच्या मोबदल्यात कायमची देण्याची फ्रेंच राजसत्तेची प्रथा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला रीतसर रूप आले. ऑगस्ट १७८९ मध्ये ती कायद्याने बंद झाली. फ्रान्सच्या अनियंत्रित राजेशाहीचा इतिहास बहुधा तेराव्या लूईचा मुख्यमंत्री रीशल्य, चौदावा लूई आणि त्याचा व्हर्साय येथील राजवाडा यांच्या अंगाने सांगितला जातो. या राजेशाहीला पैसा कोणी पुरवला आणि पुरवणाऱ्यांनी राजाचे हात कसे बांधले, हे मात्र पदविक्री पाहिल्याशिवाय कळत नाही.

विकत घेतलेले पद कायद्याच्या दृष्टीने स्थावर मालमत्तेसारखे होते. ते गहाण ठेवता येई, मुलीच्या हुंड्यात देता येई, वारसांच्या वाटणीत धरले जाई. भरलेल्या रकमेवर राजा दरवर्षी ‘गाज’ नावाचे वेतन देई. किमतीच्या मानाने ते थोडे असे आणि वेळेवर मिळेलच याची खात्री नसे. त्याखेरीज न्यायाधीशांना पक्षकारांकडून ‘एपिस’ ही फी मिळे. पदाचे खरे आकर्षण करमाफी, मान आणि काही पदांबरोबर येणारी सरदारकी हे होते. अकराव्या लूईच्या १४६७ च्या फर्मानानुसार मृत्यू, राजीनामा किंवा न्यायालयात सिद्ध झालेला अपराध यांखेरीज पद रिकामे होत नसे. म्हणजे ग्राहकाला बडतर्फ करणे विक्रेत्याला जवळजवळ अशक्य होते. यावर तोड म्हणून राजा केवळ नेमणूकपत्रावर काम करणारे, केव्हाही परत बोलावता येणारे अधिकारी नेमू लागला. प्रांतांचा कारभार पाहणारे इंटेंडंट हे त्यांतले प्रमुख. पण इंटेंडंट ज्या ‘मेत्र दे रकेत’ (राजापुढील अर्ज हाताळणारे न्यायाधिकारी) या वर्गातून निवडले जात, त्यातले स्थान आधी विकतच घ्यावे लागे, ही गोष्ट केंद्रीकरणाच्या कौतुकात बरेचदा निसटते.

उगम : प्रथेच्या आरंभाविषयी एकमत नाही. पदधारकांनी आपसांत पदे विकणे पंधराव्या शतकात रूढ असावे. बारावा लूई (कार. १४९८–१५१५) याने इटलीतील युद्धांसाठी महसुली पदे विकली, असे सामान्यतः मानतात. १४९३ च्या फर्मानाने न्यायखात्यातील पदांची विक्री निषिद्ध ठरवली होती व ‘मी या पदासाठी काही दिलेले नाही’ अशी शपथ नव्या न्यायाधीशाला घ्यावी लागे. ही शपथ सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली आणि पैसे मोजून आलेले न्यायाधीश ती बिनदिक्कत घेत. पहिल्या फ्रान्सिसने पदांच्या उत्पन्नासाठी ‘पार्ती काझ्यूएल’ हा स्वतंत्र खजिना उघडला. त्याचे वर्ष कोणी १५२२ देतात, कोणी १५२४. आधी कारभारी नेमला गेला आणि कचेरीची घडी मागाहून बसली, असे धरल्यास दोन्ही वर्षांचा मेळ बसतो. प्रथेचा जन्म येथे मानण्यापेक्षा चोरून चाललेला व्यवहार राजाने येथून उघडपणे आपल्याकडे घेतला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

पोलेत : पदाच्या हस्तांतरात चाळीस दिवसांच्या नियमाची मोठी अडचण होती. पदधारी दुसऱ्याच्या नावे राजीनामा देई. पण त्यानंतर चाळीस दिवस तो जिवंत राहिला तरच हस्तांतर ग्राह्य धरत. आधी मेला तर पद राजाकडे परत जाई आणि कुटुंबाचे भांडवल बुडे. डिसेंबर १६०४ च्या निर्णयाने चौथ्या हेन्रीने यातून सुटण्याचा मार्ग दिला : पदाच्या ठरीव किमतीचा साठावा हिस्सा, म्हणजे दर लिव्रमागे (लिव्र म्हणजे २४० दनिए) ४ दनिए, वर्षारंभी भरल्यास त्या वर्षापुरता चाळीस दिवसांचा नियम लागू होत नसे आणि धारक मेल्यास वारस पद विकू शकत. या वसुलीचा पहिला मक्तेदार शार्ल पोले. त्याच्यावरून कराला पोलेत हे नाव पडले. विधिज्ञ शार्ल लुआझो जानेवारी १६०८ च्या एका संध्याकाळी पॅरिसमध्ये या कराच्या मक्तेदाराकडे गेला, तेव्हा कडाक्याचा गारठा होता. प्रवासाचे बूट घातलेले पदधारी पैसे भरून तडक शेजारच्या नोटरीकडे राजीनाम्याचे मुखत्यारपत्र करायला निघत, आणि ते होण्याआधी बर्फावर घसरून मरू या भीतीने पाऊल जपून टाकत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पोलेतच्या हेतूविषयी दोन मते आहेत. हेन्रीला पैशापेक्षा बड्या सरदारांची चिंता होती, असे हेन्रीचा अर्थमंत्री स्युली याच्याकडून ऐकल्याचे रीशल्यच्या राजकीय मृत्युपत्रात म्हटले आहे. सोळाव्या शतकातील कॅथलिक–प्रॉटेस्टंट युद्धांच्या काळात गीझ या बलाढ्य सरदार घराण्याने आपली माणसे पदांवर बसवून राज्यातले राज्य उभे केले होते. पद वंशपरंपरागत झाले की आश्रयदात्याची गरज संपते, असा हा तर्क. दुसरे मत निव्वळ आर्थिक निकडीचे आहे. रीशल्यची साक्ष ऐकीव आणि मागाहूनची; १६०४ मधली चर्चा मुख्यतः उत्पन्नाभोवती फिरते. म्हणून दुसऱ्या मताकडे कल देणे योग्य. सरदारांचा वशिला घटला तो परिणाम म्हणून. १६१४ च्या त्रिवर्ग सभेत (धर्मगुरू, सरदार व सामान्य जन अशा तीन वर्गांची प्रतिनिधिसभा) सरदारवर्गाने पोलेत रद्द करण्याची मागणी केली यात नवल नाही. तिसऱ्या वर्गाचे बरेच प्रतिनिधी स्वतःच पदधारी असल्याने त्यांनी, मग राजाकडून सरदारांना मिळणारी मानधने आणि ताय हा करही कमी करा, असे उत्तर दिले. १६१८ मध्ये पोलेत बंद झाली व १६२० मध्ये पुन्हा सुरू झाली.

विस्तार : तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात पदविक्री हा राजाचा हुकमी उत्पन्नमार्ग झाला, १६३० च्या दशकात काही वर्षी महसुलाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक रक्कम यातून आली. एकच पद दोघा-तिघांना विकत. ते एकेक वर्ष आळीपाळीने काम करत. नवी पदे निघाली की जुन्यांची किंमत व फी घटे, म्हणून पदधाऱ्यांचे संघ कर्ज काढून ती स्वतःच विकत घेत व मोडीत काढत. ‘वेतनवाढ’ ही तर उघड सक्ती होती : वाढीव वेतनाच्या बदल्यात भांडवल भरा, नाहीतर मुदत संपल्यावर पोलेतचे नूतनीकरण नाही. संघांना बाजारात राजापेक्षा स्वस्त व्याजाने कर्ज मिळे. त्यामुळे या प्रथेला केवळ भ्रष्टाचार न म्हणता मध्यस्थांमार्फतचे सरकारी कर्ज म्हणणारे अलीकडचे विवेचन अधिक पटते.

मात्र ताण फार दिला की ही यंत्रणा तुटे. पोलेतची मुदत संपल्यावर १६४८ मध्ये मुख्यमंत्री माझारँच्या सरकारने पॅरिसमधील वरिष्ठ न्यायमंडळांकडून नूतनीकरणासाठी चार वर्षांचे वेतन मागितले. फूट पाडण्यासाठी पार्लमां या सर्वोच्च न्यायालयाला त्यातून वगळले होते. तरीही १३ मे रोजी पार्लमां इतरांना येऊन मिळाले. त्यांच्या संयुक्त सभेने इंटेंडंट परत बोलवा आणि न्यायालयात फर्मान नोंदवल्याविना नवी पदे काढू नका, असे ठणकावले. फ्राँद या बंडाचा (१६४८–५३) आरंभ असा वेतनाच्या भांडणातून झाला.

चौदाव्या लूईने धडा घेतला तो सावधगिरीचा. अर्थप्रमुख फुके हा पार्लमांचा महाभियोक्ताही होता, त्यामुळे त्याच्यावर खटला चालवण्याचा अधिकार पार्लमांचाच ठरला असता. ते पद १६६१ मध्ये त्याला १४ लाख लिव्रना विकायला लावले आणि सप्टेंबरमध्ये अटक केली. १६६५ मध्ये अर्थमंत्री कोल्बेरने मोजदाद केली तेव्हा न्याय व महसूल खात्यांत सुमारे ४६,००० पदे निघाली. त्यांचा बाजारभाव सुमारे ४२ कोटी लिव्र होता. पदे घटवायची तर ही रक्कम परत करायला हवी. ती कधीच हाती नव्हती. १६७२ नंतरच्या युद्धांत पदे घटवण्याचे कोल्बेरचे धोरण बाजूला पडले. १६९२ मध्ये पॅरिस व ल्याँ वगळता सर्व शहरांचे महापौरपद विक्रीला निघाले. शहरांनी कर्ज काढून ते सोडवून घेतले आणि पुढच्या राजवटीत तेच पद पुन्हा विकले गेले. डुकरांच्या जिभा तपासणाराही ‘राजाचा सल्लागार’ म्हणवू लागला.

ऱ्हास : १६७३ मध्ये राजाचे फर्मान नोंदवण्यापूर्वी त्यावर हरकत घेण्याचा पार्लमांचा हक्क काढला गेला; १७१५ मध्ये बालराजा पंधराव्या लूईच्या वतीने कारभार पाहणाऱ्या रिजंटने तो परत दिला. त्यानंतर करसुधारणेचा जवळजवळ प्रत्येक प्रयत्न अशा न्यायाधीशांपुढे अडला, ज्यांना काढता येत नव्हते. बॉर्दोच्या पार्लमांतील आपले पद १७२६ मध्ये विकणाऱ्या माँतेस्क्यूने राजेशाहीत ही प्रथा हितावह मानली. व्हॉल्तेअर तिच्या विरोधात होता. जानेवारी १७७१ मध्ये चॅन्सेलर (न्यायखात्याचा प्रमुख) मोपूने पॅरिसच्या न्यायाधीशांना हद्दपार करून पदे जप्त केली व पगारी न्यायाधीश नेमले, पण सोळाव्या लूईने १७७४ मध्ये जुनी व्यवस्था परत आणली. त्याच १७७१ मधला दुसरा हुकूम टिकला : बहुतेक पदधाऱ्यांनी आपल्या पदाची किंमत स्वतः जाहीर करावी आणि तिच्यावर दरवर्षी शंभरावा हिस्सा भरावा. कर वाचवण्यासाठी अनेकांनी आकडा कमी सांगितला.

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रसभेने विशेषाधिकारांबरोबर पदविक्रीही मोडीत काढली. तेव्हाच्या पदांचे अंदाज ५०,००० ते ७०,००० असे आहेत. भरपाई देताना १७७१ चे स्वघोषित आकडे आधार धरले गेले, आणि रक्कम बहुतांशी असिन्या या घसरत्या कागदी चलनात मिळाली. नोटरी, न्यायालयीन बेलीफ इत्यादींना मात्र २८ एप्रिल १८१६ च्या वित्तीय कायद्याने, वाढीव अनामत रकमेच्या बदल्यात, आपला उत्तराधिकारी सुचवण्याचा हक्क परत मिळाला. व्यवहारात त्याचा अर्थ कचेरी विकण्याचा हक्क असाच झाला.